डबा जरूर शोधा, पण गाडीवाट सोडू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दिवाळी सरली, शेतवाटांवरचा चिखल वाळला की पुण्यातल्या फोर-बाय-फोर गाड्यांना घरी राहवत नाही. शनिवारी पहाटे चांदणी चौकात दहा मिनिटे उभे राहा. टपावर फावडे, मागे दोरखंड अशा थार, जिप्सी, जिमनी मुळशीकडे जाताना दिसतील. यांतल्या बऱ्याच जणांना गाडी नुसती चढवण्या-उतरवण्यापेक्षा कुठेतरी पोहोचायचे निमित्त हवे असते, आणि त्यांतले काही आता जिओकॅशिंगकडे वळले आहेत. मीही वळलो आहे. त्याविषयी जरा सविस्तर लिहितो. जागेअभावी पत्र कापावे लागले तर जरूर कापा, पण गाडीवाटेचा आणि डब्यावरच्या चिठ्ठीचा मजकूर तेवढा राहू द्या.

ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. कोणीतरी एक डबा कुठेतरी दडवतो, त्या जागेचे अक्षांश-रेखांश खेळाच्या संकेतस्थळावर जाहीर करतो आणि बाकीचे जीपीएसच्या आधाराने तो शोधायला निघतात. डब्यात वही असते. सापडला की वहीत नाव आणि तारीख लिहायची, आतली एखादी चीजवस्तू घेतली तर तिच्या तोलाची दुसरी ठेवायची, आणि डबा होता तसाच, होता तिथेच ठेवून निघायचे. २ मे २००० रोजी अमेरिकेने जीपीएसच्या संकेतांत मुद्दाम मिसळलेली चूक काढून टाकली. तोवर शंभरेक मीटरांनी चुकणारी साधी यंत्रे एका रात्रीत दहा-वीस मीटरांवर आली. दुसऱ्याच दिवशी ओरेगन राज्यातल्या बीव्हरक्रीक गावाजवळ डेव्ह अल्मर यांनी एक बादली अर्धी जमिनीत पुरून तिचा ठावठिकाणा जाहीर केला. तिथून हा खेळ सुरू झाला. आज जगभरात तीस लाखांहून अधिक डबे आहेत. पहिली बादली पुरलेली होती खरी, पण आता जागेच्या मालकाच्या स्पष्ट परवानगीशिवाय डबा जमिनीत पुरायला या खेळात मनाई आहे. मला हा नियम फार आवडतो.

माझा या खेळाकडे ओढा असण्याचे कारण माझी नोकरी. १९८४ साली मी भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक म्हणून लागलो आणि छत्तीस वर्षे मुळशी, भोर, वेल्हे, जुन्नर या तालुक्यांत मोजण्या केल्या. लागलो तेव्हा हातात साखळी होती. तेहतीस फुटांची, सोळा आण्यांची. तेहतीस फूट लांब, तेहतीस फूट रुंद म्हणजे एक गुंठा, चाळीस गुंठ्यांचा एकर. पुढे नकाशा आखायचे प्लेन टेबल गेले, अंतर-कोन मोजणारे ईटीएस मशीन आले, निवृत्तीच्या सुमारास उपग्रहांच्या आधारे चालणारा रोव्हर आला आणि सेंटिमीटरच्या हिशेबात बिंदू मिळू लागला. आता माझ्या खिशातला फोन मला चार-पाच मीटरांपर्यंत नेऊन सोडतो आणि म्हणतो, पुढचे तुम्ही बघा. ते शेवटचे चार-पाच मीटर शोधताना मला जुने दिवस आठवतात. पन्नास वर्षांपूर्वीच्या टिपणावरून गवतात बुडालेला हद्दीचा दगड आम्ही असाच हुडकायचो.

आता मुद्द्यावर येतो. गाडी घेऊन जायचे तर कोणता डबा निवडायचा? नव्या माणसाची पहिली चूक इथे होते. प्रत्येक डब्याला दोन आकडे दिलेले असतात. पहिला आकडा डबा हुडकायला किती अवघड त्याचा, दुसरा तिथवर पोहोचायला किती अवघड त्याचा. दोन्ही १ ते ५ मध्ये, अर्ध्या-अर्ध्याच्या पायऱ्यांनी. आपल्या गाडीवाल्या मंडळींना वाटते की दुसरा आकडा ५ म्हणजे जिप्सीला आव्हान. तसे नाही. तो आकडा माणसाच्या अंगमेहनतीचा आहे. ५ म्हणजे दोर लागेल, होडी लागेल, खास साहित्य लागेल. तिथे गाडीचा काही संबंध नसेलही. गाडीसाठी वेगळी खूण असते, जीपगाडीचे छोटे चित्र. त्या चित्रांची चाळणी लावून हवे तेवढेच डबे नकाशावर आणता येतात, मात्र त्यासाठी वर्गणी भरावी लागते. चित्राचा अर्थही नीट समजून घ्यावा. ते चित्र म्हणजे ‘इथे गाडी नेलेली चालते’. ‘गाडी पोहोचेलच’ असे वचन त्यात नाही.

म्हणून चित्रापेक्षा मी नोंदींवर विश्वास ठेवतो. आधी जाऊन आलेल्यांनी काय लिहिले, आणि मुख्य म्हणजे कोणत्या महिन्यात लिहिले, ते बघायचे. फेब्रुवारीत ‘आरामात पोहोचलो’ लिहिलेली वाट जुलैत ओढ्याच्या पोटात असते. आपल्याकडे डबे विरळ आहेत, एकेका डब्याची शेवटची नोंद वर्षापूर्वीची सापडते. अशा वेळी उपग्रहाचे चित्र उघडून वाट कुठवर आहे ते डोळ्यांनी पाहावे आणि सगळे नकाशे घरूनच फोनवर उतरवून घ्यावेत, कारण वेल्ह्याच्या पुढे रेंज मिळेल या भरवशावर कोणी निघू नये.

बाणाचेही तसेच. फोनवरचा बाण सरळ रेषेत अंतर दाखवतो, आणि सह्याद्रीत सरळ रेषेला काही अर्थ नसतो. वेल्हे, म्हणजे आताच्या राजगड, तालुक्यातल्या मोहरी गावाच्या कड्यावर उभे राहिलात तर समोर लिंगाणा आणि त्याच्या मागे रायगड दिसतो. बाण सांगेल, पाच-सहा किलोमीटर. गाडीने जायचे तर भोर, वरंध घाट, महाड असे फिरून शंभराहून अधिक किलोमीटर पडतात. आणि एक चूक तर शिकलेली माणसे करतात. या खेळात अक्षांश-रेखांश अंश आणि दशांश मिनिटांत देतात. १८ अंश ३१.५०० मिनिटे म्हणजे ३१ मिनिटे ३० सेकंद. कोणी ते ३१ मिनिटे ५० सेकंद असे वाचले तर वीस सेकंदांचा फरक पडतो, आणि अक्षांशाचा एक सेकंद म्हणजे जवळजवळ एकतीस मीटर. सहाशे मीटर चुकीच्या जागी, बहुधा कोणाच्या तरी उभ्या पिकात, ही मंडळी ‘डबा चोरीला गेला’ म्हणत फिरत असतात. मी स्वतः पाहिली आहेत.

आता गाडीवाटेबद्दल. आपल्या प्रत्येक गावाचा नकाशा आहे. त्या नकाशात दुहेरी तुटक रेषेने दाखवलेली वाट म्हणजे गाडीमार्ग, साडेसोळा ते एकवीस फुटांचा. एकेरी तुटक रेषा म्हणजे पायमार्ग, सव्वाआठ फुटांचा. बैलगाडीच्या काळात आखलेल्या या वाटा आहेत. कोणाच्या आजोबांनी बांध सोडला, कोणी पाणंद रुंद ठेवली, म्हणून त्या आज शिल्लक आहेत. जीपला जे हवे ते सगळे त्यांच्यावर मिळते. दगड, चढ, ओढा, चाकोरी, धूळ, काय हवे ते. आणि त्या सोडून एक चाक बाजूला घातले तर तुम्ही कोणाच्या तरी वहिवाटीत, गायरानात किंवा वनखात्याच्या हद्दीत असता. डबा निवडताना मी एकच कसोटी लावतो. डबा गाडीमार्गापासून दीड-दोनशे पावलांच्या आत आहे का? असेल तर गाडी वाटेवर उभी करून उरलेले अंतर चालत जायचे. नसेल तर त्या दिवशी गाडी घरी ठेवून सरळ चालण्याचा बेत करायचा. गट नंबर आणि हद्दी आता महाभूनकाशावर घरबसल्या दिसतात. तेवढ्याने कळले नाही तर गावातल्या तलाठ्याला, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याला, गावचा जुना नकाशा दाखवायची विनंती करावी. विचारणाऱ्या माणसाला गावात कोणी हाकलत नाही, हा माझा छत्तीस वर्षांचा अनुभव आहे.

गेल्या जानेवारीतला एक दिवस सांगतो. लोणावळ्याहून तुंगार्लीच्या धरणावरून राजमाचीकडे जाणारी वाट आपल्याकडच्या गाडीवाल्यांना पाठ आहे. पंधरा-सोळा किलोमीटरची वाट, पण दोन-अडीच तास हातात ठेवावे लागतात. पुढे पुतण्याची थार, मागे माझी २००१ सालची जिप्सी, आणि जिप्सीत आठ वर्षांची नात. एकट्या गाडीने अशा वाटेला जाऊ नये, म्हणून दोन गाड्या. डांबर संपले तिथे थांबून मी पुढच्या दोन्ही चाकांच्या हबवरची चकती हाताने फिरवून ‘लॉक’वर आणली. जुन्या जिप्सीत हे खाली उतरून, गुडघे टेकून करावे लागते. विसरलात तर आत बसून लिव्हर कितीही ओढा, पुढची चाके जोर लावत नाहीत. मग टायरमधली हवा सव्वीसवरून अठरावर आणली. नातीने गेज धरले होते आणि आकडे मोठ्याने वाचत होती. हवा कमी केली की टायर पसरतो, दगडाला धरून चढतो, गाडी उड्या मारत नाही. परत डांबरावर येताना भरायला पंप बरोबर असतोच.

अर्ध्या वाटेवर बाणाने उजवीकडे दोनशे दहा मीटर दाखवले. मध्ये ओढा आणि पलीकडे मोकळे, गवताळ उतरण. पुतण्या म्हणाला, “काका, इथून सरळ घालू का गाडी? सहज जाईल.” सहज गेली असती, यात शंका नाही. मी म्हटले, “वाट काय म्हणते ते बघू.” वाट डावीकडे वळत होती, बाणाच्या अगदी उलट. पण बैलगाडीवाल्याने कुठे वळण घेतले असेल ते वाट बघून कळते. चढ तोडायला तो आधी दूर जातो आणि मग कडेकडेने परत येतो. सहाशे मीटरांनंतर वाट डोंगराची सोंड वळसा घालून आली आणि बाणावर चाळीस मीटर उरले. गाड्या वाटेवर सोडल्या आणि चालत निघालो.

शेवटच्या टप्प्यात बाण नाचायला लागतो. कड्याजवळ उपग्रहाचा संकेत कातळावर आपटून येतो आणि यंत्र फसते. दाट झाडीतही तसेच होते. अशा वेळी बाणामागे धावायचे नाही. फोन एका जागी दोन-तीन मिनिटे धरून उभे राहायचे आणि मग आजूबाजूला नजर टाकायची. लपवणाऱ्याने कुठे लपवले असेल? नातीच्या हातात काठी दिली होती, कारण कपारीत किंवा दगडाखाली हात घालायचा नाही हे मी तिला आधीच बजावले होते. त्या बाजूला फुरसे असते. तिनेच डबा पाहिला. एका जुन्या हिरड्याच्या ढोलीत, समोर सुकी फांदी आडवी लावून ठेवलेला. नेमकी जागा सांगत नाही, खेळाचा तसा संकेत आहे. चार कड्यांचा जेवणाचा प्लॅस्टिकचा डबा. आत पिशवीत वही, दोन काचेच्या गोट्या, एक किचेन, नागमोडी कडेचे जुने दहा पैशांचे नाणे आणि पेन्सिल. शाईने लिहिलेले पावसाळ्यात पसरते, म्हणून पेन्सिल. तिला टोक नव्हते. नातीने दहा पैशांचे नाणे कधी पाहिलेच नव्हते. तिने ते घेतले आणि आपल्या दप्तरातला शार्पनर डब्यात ठेवला. वहीत अकरा महिन्यांनी पहिली नोंद तिच्या अक्षरात पडली.

माझ्या हातूनही चूक झालेली आहे, आणि ती सांगितल्याशिवाय मला दुसऱ्याला सांगायचा अधिकार नाही. काही वर्षांपूर्वी भोर तालुक्यातल्या एका सड्यावर, म्हणजे कातळी पठारावर, ऑगस्टअखेरीस, मी बाणाचे ऐकले. वाटेपासून तीनशे मीटर गाडी सड्यावर घातली. सड्यावर माती म्हणजे कातळावरचा चार बोटांचा थर. त्या थरावर गेंद, सीतेची आसवे, सोनकी फुललेली. दुसऱ्या वर्षी तिथेच गेलो तर माझ्या चाकांच्या दोन रेघा तशाच होत्या. फुलांच्या मधोमध, उघड्या कातळाच्या. पाणी त्या रेघांतून वाहून माती आणखी खाली गेली होती. त्या दोन रेघा माझ्या आहेत. मोजणी खात्यातल्या माणसाने जमिनीवर सोडलेली ती सर्वांत वाईट निशाणी. सासवड-सुपे भागातल्या माळरानांवर तर याहून जपायला हवे. ते माळ ओसाड दिसतात, पण लांडगे तिथे बिळात पिल्ले घालतात, चंडोल-धाविकांची घरटी उघड्या जमिनीवर असतात. गाडीच्या चाकाला ती दिसत नाहीत.

हद्दीच्या दगडांचेही सांगतो, कारण हे दुसरे कोणी सांगणार नाही. तीन गावांच्या शिवा मिळतात तिथे, किंवा गटाच्या कोपऱ्यावर, दगडांची रास किंवा उभा रोवलेला दगड असतो. डबा शोधणाऱ्याला अशी रास दिसली की हात शिवशिवतात. हमखास याखालीच असणार असे वाटते. कृपा करून त्याला हात लावू नका आणि डबा लपवायलाही ती जागा वापरू नका. हद्दीची निशाणी हलवणे महसूल कायद्याने गुन्हा आहे, आणि एक दगड दोन हात सरकला तर दोन भावांत वीस वर्षांचा दावा उभा राहतो. असे दावे मी मोजले आहेत. किल्ल्यांच्या तटाचेही तेच. राजगड, लोहगड, शिवनेरी २०२५ साली जागतिक वारशाच्या यादीत गेले. त्या तटाचा चिरा सैल करून मागे डबी सरकवणारा माणूस खेळाडू नव्हे.

डब्यावरच्या चिठ्ठीचा प्रसंग आता. निवृत्तीनंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात मला वाटले, आपणही एक डबा ठेवावा. परदेशात या खेळासाठी लष्करी दारूगोळ्याचे रिकामे लोखंडी डबे वापरतात, पाणी आत जात नाही म्हणून, असे वाचले होते. जुन्या बाजारात रविवारी तसाच एक हिरवा डबा मिळाला. मुळशी तालुक्यातल्या एका गावाच्या गायरानाकडेला, करवंदीच्या जाळीत तो ठेवला. वर इंग्रजीत स्टिकर लावला. गावात कोणाला सांगितले नाही. खेळ आहे, सांगितले तर गुप्तता राहील कशी, असे वाटले.

तिसऱ्या दिवशी सकाळी पोलीस पाटलांचा फोन आला. गुरे घेऊन गेलेल्या मुलाला जाळीत हिरवा लोखंडी डबा दिसला होता. त्याने आदल्या दिवसांत तिथे माझी जिप्सी पाहिली होती, आणि पाटलांकडे माझा नंबर होता, कारण २००९ साली त्यांच्या गटाची मोजणी मी केली होती. “अवं, तुम्ही मोजणीवालं सायेब ना? तुमचीच गाडी व्हती का?” मी निघालो. पोहोचलो तोवर वाट दोन्ही बाजूंनी अडवलेली, चौकीवरून दोन हवालदार आलेले, गुरे खालच्या अंगाला दाटलेली. सगळ्यांसमोर मी डबा उघडला. वही, पेन्सिल, दोन किचेन. कोणी हसले नाही. पलीकडच्या बाजूला एक आजी सरपणाची मोळी बाजूला ठेवून सकाळपासून बसलेल्या होत्या. पाच तास. त्या माझ्याजवळ आल्या आणि एवढेच म्हणाल्या, “बाबा, डब्यात काय न्हवतं ते तुला ठावं. आमाला कसं ठावं?”

मला उत्तर सुचले नाही, आणि आजही सुचत नाही. १३ फेब्रुवारी २०१० च्या संध्याकाळी कोरेगाव पार्कात झालेला बॉम्बस्फोट या शहराने पाहिला आहे. १ ऑगस्ट २०१२ ला जंगली महाराज रस्त्यावर पुन्हा. बेवारस वस्तूला हात लावू नका, हे आपणच पोरांना शिकवले आणि तो मुलगा शिकवल्याप्रमाणेच वागला. मी मोळी उचलून आजींच्या घरापर्यंत नेली, पाटलांची आणि हवालदारांची माफी मागितली आणि तो हिरवा डबा घरी आणून त्यात पाने-स्क्रूड्रायव्हर ठेवले.

तेव्हापासून मी ठेवलेले तिन्ही डबे पारदर्शक आहेत. आत काय आहे ते झाकण न उघडता दिसते. वर मराठीत मोठ्या अक्षरांत चिठ्ठी चिकटवलेली असते: ‘हा खेळाचा डबा आहे. धोका नाही. आत वही-पेन्सिल आहे. जागेच्या मालकाची परवानगी घेतली आहे. शंका असल्यास खालील नंबरवर फोन करा.’ खाली माझा फोन नंबर आणि गावातल्या एका माणसाचा, ज्याला डबा कुठे आहे ते माहीत आहे. खाजगी जमीन असेल तर मालकाला, गायरान असेल तर ग्रामपंचायतीला आधी भेटतो. गावाला माहीत असलेला डबा चोरीलाही जात नाही, हे मला नंतर कळले. लष्करी हद्द, धरण, रेल्वे यांच्या आसपास डबा ठेवायचाच नाही. खडकवासला, दिघी, देहूरोड, लोणावळा असा आपला भाग लष्कराने वेढलेला आहे, तेव्हा पुणेकराने हे दुप्पट पाळावे. अभयारण्यांतही नाही, मग ते भीमाशंकर असो की ताम्हिणी. दोन डब्यांत एकशे एकसष्ट मीटरांचे अंतर हवे हा खेळाचा नियम आहे. आपल्याकडे तेवढी गर्दी व्हायची आहे अजून.

ज्यांना डबा ठेवण्या-शोधण्याचा हा सगळा व्याप नको, त्यांच्यासाठी या खेळात एक प्रकार आहे, मला तर तोच सर्वांत आवडतो. त्यात डबाच नसतो. एखाद्या भूवैज्ञानिक जागेवर जायचे, तिथे काय झाले ते समजून घ्यायचे आणि दोन-चार प्रश्नांची उत्तरे पाठवायची. आपला मुलूख यासाठीच घडवल्यासारखा आहे. शिरूर तालुक्यातल्या टाकळी हाजीला कुकडी नदीने कातळात रांजणखळगे कोरले आहेत. पाण्याबरोबर गरगर फिरणाऱ्या गोट्यांनी काळ्या बेसाल्टमध्ये माणूस उभा राहील एवढे खोल रांजण पाडले. त्याच कुकडीच्या काठी, जुन्नर तालुक्यातल्या बोरी बुद्रुकला, पांढुरक्या राखेचा थर दिसतो. ही राख सुमात्रा बेटावरच्या टोबा ज्वालामुखीची आहे. इथल्या डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी तिच्यावर काम केले आहे. मी नोकरीत असताना त्या काठाने कितीतरी वेळा साखळी ओढली, पायाखाली काय आहे ते ठाऊक नव्हते. निवृत्तीनंतर नातीला घेऊन पुन्हा गेलो आणि चिमूटभर राख बोटांवर चोळून पाहिली, काचेच्या पिठासारखी लागते. चिमूटभरच, आणि तीही तिथेच परत ठेवली. येताना खोडदच्या बाजूने येणार असाल तर फोन बंद ठेवा. त्या परिसरात पसरलेल्या तीस मोठ्या रेडिओ दुर्बिणी आकाशातले फार क्षीण संकेत ऐकत असतात.

आता दोन विनंत्या. पहिली, ज्यांचे डबे आहेत त्यांनी जूनपासून दिवाळीपर्यंत ते यादीत तात्पुरते बंद ठेवावेत. पावसाळ्यात भिजलेल्या गाडीमार्गावर दहा जीपा गेल्या की त्याच वाटेने दूध घालायला जाणाऱ्या माणसाची मोटारसायकल महिनाभर घसरते. मग गाव वाटेवर दगड टाकते, आणि ते बरोबरच करते. दुसरी विनंती माझ्या जुन्या खात्याला. गाव नकाशातले गाडीमार्ग आणि पायमार्ग ऑनलाइन नकाशावर वेगळ्या, ठळक रंगात दाखवावेत. शेतकऱ्याचा वहिवाटीचा तंटा त्याने सुटेल, आणि बाहेरून येणाऱ्याला कुठवर गाडी न्यायची ते आपोआप कळेल.

पुण्यातल्या कोणत्याही गाडीवाल्या मंडळाला गाव नकाशा वाचायला शिकायचे असेल तर मी रविवारी सकाळी मोकळा असतो. एक जुना नकाशा, एक भिंग आणि दोन तास पुरतात. माझा पत्ता आणि फोन नंबर आपल्या कार्यालयात देऊन ठेवला आहे. आणि राजमाचीच्या वाटेवरच्या त्या हिरड्याकडे कोणी गेलेच, तर कृपया बरोबर एक नवी पेन्सिल न्या. शार्पनर तिथे आहे.

आपला,
एक निवृत्त भूकरमापक,
धायरी, पुणे